चष्म्याचा स्क्रू सैल का होतो? एका जोडणीचा इतिहास

विषय वाचून काही जणांना हसू आलं असेल. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसांनी चष्म्याच्या स्क्रूवर बोलायचं म्हणजे काय, असं वाटणं साहजिक आहे. पण आत्ता या सभागृहात नजर फिरवली तर निम्म्याहून अधिक नाकांवर चष्मा दिसतो. धातूची पूर्ण फ्रेम असेल तर तिच्यात काड्यांच्या बिजागऱ्यांचे दोन, काचा आवळून धरणारे दोन आणि नाकावरच्या पॅडचे दोन, असे सहा स्क्रू असतात. हे सहाच्या सहा केव्हा ना केव्हा सैल होतात. आणि जो पडतो तो नेमका अशा माणसाचा पडतो, ज्याला तो शोधायला चष्मा लागतो.

आपण सहसा म्हणतो, स्क्रू हलक्या दर्जाचा होता, किंवा चष्मेवाल्यानं नीट आवळला नव्हता. कधी कधी तसं असतंही. पण मुळातली गोष्ट वेगळी आहे. स्क्रू सैल होतो, कारण तो उघडता यावा म्हणूनच बनवलेला आहे. जी जोडणी माणसाला सोडवता येते, ती थोडीफार आपणहूनही सुटू पाहते. हे सूत्र हाताशी धरून आज आपण सातशे वर्षांचा इतिहास थोडक्यात पाहू, आणि ओघात स्क्रू जागेवर कसा ठेवायचा तेही पाहू.

आपल्याकडच्या वैशेषिकांनी जोडणीचे दोन प्रकार मानले. एक संयोग, म्हणजे वेगवेगळ्या असू शकणाऱ्या दोन वस्तूंचं एकत्र येणं. तो अनित्य असतो, विभाग झाला की संपतो. दुसरा समवाय, म्हणजे जिथं वेगळं काढताच येत नाही असा संबंध, जसा कापड आणि त्याचे धागे यांचा, किंवा पदार्थ आणि त्याचा रंग यांचा. काटेकोरपणे पाहिलं तर माणसानं हातानं केलेली प्रत्येक जोडणी संयोगच असते. तरी कारागिराच्या मनात एक ओढ कायम दिसते, की आपला हा संयोग समवायासारखा पक्का व्हावा. चष्म्याच्या इतिहासात ही ओढ पुन्हा पुन्हा दिसते. तिची किंमत कोण मोजतो, हा आजचा खरा प्रश्न आहे.

सुरुवात इटलीतून करू. जिओर्दानो दा रिव्हाल्तो या धर्मोपदेशकानं १३०६ साली फ्लॉरेन्समध्ये दिलेल्या प्रवचनात सांगितलं, की चष्मा करण्याची कला निघून अजून वीस वर्षंही झालेली नाहीत. त्यावरून अभ्यासक चष्म्याचा जन्म साधारण १२८६च्या सुमारास, पिसा परिसरात झाला असं मानतात. १३५२ साली तोम्माझो दा मोदेना या चित्रकारानं त्रेव्हीझोच्या मठात भित्तिचित्रं काढली. त्यात एका धर्मगुरूच्या नाकावर चष्मा आहे. चष्मा घातलेल्या माणसाचं हे सर्वांत जुनं माहीत असलेलं चित्र.

या पहिल्या चष्म्यांना काड्या नव्हत्या आणि स्क्रूही नव्हता. मूठ असलेली दोन भिंगं, आणि दोन्ही मुठींची टोकं एका रिव्हेटनं जोडलेली. कात्रीसारखी ती उघडायची, नाकावर चिमटा बसवायचा आणि वाचायचं. जर्मनीत वीनहाउझेन इथं जोगिणींचा एक जुना मठ आहे. १९५३ साली तिथल्या प्रार्थनास्थळाच्या लाकडी जमिनीखाली असे चष्मे सापडले. शेकडो वर्षांपूर्वी प्रार्थना वाचता वाचता फटीतून खाली पडलेले असावेत. म्हणजे चष्म्याचं काहीतरी निसटणं आणि जमिनीवर हरवणं ही परंपरा स्क्रूपेक्षाही जुनी आहे!

पण त्या रिव्हेटकडे जरा नीट बघा. तो घट्ट ठोकला तर भिंगं उघडणार नाहीत. सैल ठेवला तर नाकावर पकड बसणार नाही, चष्मा घसरेल. म्हणजे हलू द्यायचं आणि धरूनही ठेवायचं, अशी दोन परस्परविरोधी कामं त्या एका ठिपक्याएवढ्या जागेवर आली. स्क्रूच्या आधीच हा पेच तयार होता. स्क्रूनं तो सोडवला नाही, फक्त दुरुस्त करता येईल असा केला.

आपल्याकडे चष्मा कधी आला? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ज्यांनी आयुष्य काढलं त्या परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या चष्म्याच्या इतिहासावर बारकाईनं लिहून ठेवलं आहे. त्यांनी दाखवलेल्या सुरुवातीच्या उल्लेखांपैकी एक विजयनगरचा, १५२०च्या सुमाराचा आहे. त्यात माध्व आचार्य व्यासतीर्थ पोथी वाचताना चष्मा वापरतात. मराठीत संस्कृतातून 'उपनेत्र' आला, फारसीतून 'चष्मा' आला. पण आमच्या आजी-आजोबांच्या तोंडी असायची ती 'चाळशी'. चाळिसाव्या वर्षी लागते ती चाळशी. वस्तूचं नाव वयावरून पडावं, यातच तिची गरज किती सार्वत्रिक आहे ते कळतं.

चष्म्याला कानामागे जाणाऱ्या काड्या फार उशिरा आल्या. लंडनचा एडवर्ड स्कार्लेट हा चष्मेवाला १७३०च्या सुमारास असे चष्मे विकत होता, हे त्याच्या दुकानाच्या छापील जाहिरातपत्रकावरून कळतं. १७५२ साली जेम्स आयस्कॉफ यानं दुहेरी बिजागरीच्या काड्यांची जाहिरात केली. म्हणजे चष्मा निघाल्यापासून जवळजवळ साडेचारशे वर्षं माणसं तो हातात धरून, नाकाला चिमटा लावून किंवा दोरीनं बांधून वापरत होती. काड्या आल्या आणि हात मोकळे झाले. पण काड्यांबरोबर बिजागरी आली, आणि बिजागरीबरोबर तिच्यातली खीळ आली. ती खीळ पुढं स्क्रू झाली.

आता स्क्रूकडे वळू. मराठीत याला जुना सुंदर शब्द आहे, मळसूत्र. कानातल्या कुडीच्या मागं जी फिरकी बसते तिला आजही बायका मळसूत्रच म्हणतात. कुडीचं मळसूत्र ढिलं झालं की रात्री कुडी उशीत सापडते, आणि नशीब नसेल तर सापडत नाही. चष्म्याच्या स्क्रूची गोष्ट आपल्या घरात अशी आधीपासूनच ओळखीची आहे.

मोठं मळसूत्र प्राचीन आहे. पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं मळसूत्रावर चालणाऱ्या दाबयंत्राचं वर्णन केलं आहे. ऑलिव्ह आणि द्राक्षं पिळायला ती यंत्रं वापरत. पण धातूचा बारीक स्क्रू ही फार नंतरची, मुख्यतः घड्याळजी आणि शस्त्रकारांची देणगी. गंमत अशी, की कित्येक शतकं प्रत्येक कारागीर आपले आटे आपण पाडत असे. एका दुकानाचा स्क्रू दुसऱ्या दुकानाच्या भोकात बसत नसे. हरवला तर त्याच कारागिराकडे जायचं. तो हयात नसेल तर नवीन भोक पाडायचं आणि नवीन स्क्रू करायचा.

इथं एकोणिसाव्या शतकात दोन माणसांनी जे केलं ते आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फार मोलाचं वाटतं. १८४१ साली इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यानं अनेक कारखान्यांतले स्क्रू गोळा केले, मोजले, आणि त्यांच्या सरासरीवरून एक समान माप सुचवलं. आट्यांचा कोन ५५ अंश. पण व्हिटवर्थचं माप मोठ्या यंत्रांसाठी. घड्याळं आणि बारीक उपकरणं यांचं काय? ते काम जिनिव्हाचे प्राध्यापक मार्क थ्यूरी यांनी केलं. स्विस घड्याळजींचे चांगले स्क्रू त्यांनी अभ्यासले आणि १८७८ साली त्यांचा एक नियम मांडला. पहिल्या स्क्रूच्या दोन आट्यांमधलं अंतर १ मिलिमीटर धरायचं, पुढच्या प्रत्येकाचं आधीच्याच्या ०.९ पट. व्यास त्या अंतरावरून एका सूत्रानं काढायचा. १८८४ साली ब्रिटिश असोसिएशननं ही पद्धत जवळपास जशीच्या तशी उचलली. तिच्यातला शून्य क्रमांकाचा स्क्रू ६ मिलिमीटरचा, तर बारा क्रमांकाचा साधारण १.३ मिलिमीटरचा, म्हणजे बरोबर चष्म्याच्या मापाचा.

या दोघांपैकी कुणीही आधी सिद्धान्त मांडून मग कारागिरांवर लादला नाही. हातांनी शतकानुशतकं जे योग्य ठरवलं होतं, तेच त्यांनी मोजून नियमात बसवलं. आज चष्म्याच्या स्क्रूच्या आट्यांसाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे. गल्लीतला चष्मेवाला छोट्या डबीतून एक स्क्रू काढतो, आपल्या फ्रेमला लावून बघतो, आणि तो बसतो. त्यामागं हा सगळा इतिहास उभा आहे.

आता मूळ प्रश्न. स्क्रू सैल का होतो?

स्क्रू म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेला उतार. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घालत चढतो, तसाच. चष्म्याचा नेहमीचा स्क्रू १.४ मिलिमीटर व्यासाचा आणि आट्यांमधलं अंतर ०.३ मिलिमीटर असं धरलं, तर या घाटाचा चढ येतो जेमतेम साडेचार अंश. कोरड्या धातूवर ठेवलेला धातू साधारण आठ-नऊ अंशांच्या उतारापर्यंत घसरत नाही, घर्षण त्याला धरून ठेवतं. म्हणजे हिशेबानं स्क्रू आपणहून कधीच मागं फिरायला नको. नुसता टेबलावर ठेवलेला चष्मा वर्षभरानंतरही तसाच असतो, हे आपण पाहतोच.

मग काय बिघडतं? याचं नेमकं उत्तर गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्यानं १९६९ साली प्रयोगानं दाखवलं. स्क्रूच्या अक्षाच्या दिशेनं कितीही हिसके दिले तरी तो लवकर सुटत नाही. पण जोडलेले भाग आडवे, म्हणजे अक्षाला काटकोनात घसरू लागले, की घर्षण त्या आडव्या घसरणीतच खर्च होतं आणि फिरण्याला विरोध करायला काही उरत नाही. जड कपाट सरळ ढकललं तर हलत नाही, पण डावी-उजवीकडे झुलवत नेलं तर सरकतं, हे घर बदलताना आपण सगळ्यांनी केलेलं आहे. तेच हे.

बिजागरीत तर याहून वाईट परिस्थिती आहे. तिथं स्क्रू तीन किंवा अधिक नळ्यांतून जातो. मधली नळी काडीची असते. काडी उघडली की ती नळी स्क्रूला एका बाजूला ओढते, मिटली की दुसऱ्या बाजूला. दोन्ही ओढी सारख्या, मग फिटंफाट व्हायला हवी, नाही का? होत नाही. कारण उतारावर चढणं जड असतं आणि उतरणं सोपं. आवळायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा सोडवायला कमी लागतो. म्हणून दर उघडझापेत स्क्रू पुढं जातो त्याहून केसभर जास्त मागं येतो. दिवसातून दहा वेळा चष्मा काढला-घातला, की महिन्याला सहाशे हालचाली होतात. त्यात घाम आणि चेहऱ्याचं तेल आट्यांत उतरतं, घर्षण आणखी घटतं.

मग करकचून आवळावा का? इथंच जुन्या रिव्हेटचा पेच परत येतो. मोठ्या यंत्राचा बोल्ट टिकतो, कारण आवळताना तो किंचित ताणला जातो आणि रबरासारखा परत आकसू पाहत दोन्ही भागांना धरून ठेवतो. बिजागरीचा स्क्रू असा ताणला तर काडी हलणारच नाही. त्याला कमी ताणातच राहावं लागतं. तरीही आपण जोर लावलाच, तर नळीतले आटे जातात. कारण बिजागरी बहुधा जर्मन सिल्व्हरसारख्या मऊ मिश्रधातूची असते आणि स्क्रू पोलादाचा.

यावर माणसानं काढलेले उपाय तीन वाटांनी गेले.

पहिली वाट रिव्हेटची, म्हणजे स्क्रू बसवून त्याचं बाहेर आलेलं टोक ठोकून पसरवायचं. जुने कारागीर हे सर्रास करत. स्क्रू सुटत नाही हे खरं, पण काडी तुटली की तो काढताना कानस किंवा ड्रिल लागतं, आणि पुष्कळदा बिजागरीच जाते.

दुसरी वाट घर्षण वाढवण्याची. लाख, मेण, रोगण अशा वस्तू आट्यांत भरायच्या. घरोघरी चालतं ते नेलपॉलिश याच जातीचं. नंतर नायलॉनचा लेप दिलेले स्क्रू आले. नायलॉन आट्यांत दबून बसतं आणि फिरण्याला सतत विरोध करतं, तरी स्क्रू काढता-घालता येतो.

तिसरी वाट रसायनाची. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमध्ये व्हर्नन क्रीबल हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. हवा असेपर्यंत पातळ राहणारा, आणि हवा तुटून धातूचा स्पर्श झाला की घट्ट होणारा द्रव त्यांनी १९५३ साली बाटलीत टिकवण्याजोगा केला. हाच पुढं लॉकटाइट नावानं जगभर गेला. बाटली अशा प्लास्टिकची की तिच्यातून हवा आत जात राहते, म्हणून तो आत पातळ. आट्यांच्या फटीत हवा नाही, म्हणून तिथं घट्ट. ज्या वर्षी वीनहाउझेनच्या फळ्यांखालून सर्वांत जुने चष्मे वर आले, त्याच वर्षी हे घडलं.

या द्रवाच्या वेगवेगळ्या ताकदी ठरवल्या गेल्या, हे आम्हाला त्यातलं सर्वांत शहाणपणाचं वाटतं. बारीक स्क्रूंसाठी जांभळ्या रंगाचा कमी ताकदीचा प्रकार आहे. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं तो पुन्हा सुटतो. लाल प्रकार सोडवायला उष्णता लागते, चष्म्याजवळ त्याचं काम नाही. धरून ठेव, पण मी म्हणेन तेव्हा सोड, हे जुनं मागणं इथं पहिल्यांदा नीट ऐकलं गेलं.

ज्यांना हे घरी करायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाली ताट ठेवा आणि त्यात पांढरा कपडा अंथरा, म्हणजे पडलेला स्क्रू उडत नाही आणि दिसतो. खाचेत बरोबर बसेल असाच स्क्रू ड्रायव्हर घ्या. स्क्रू काढून आटे कोरडे पुसा, तेल अजिबात घालू नका. जांभळ्या द्रवाचा सुईच्या टोकाएवढा थेंब आट्यांच्या शेवटच्या भागाला लावा, मधल्या नळीत जाऊ देऊ नका, नाहीतर काडीच अडकेल. काडी उघडी सोडली तर आपल्या वजनानं हळूच खाली येईल, इतपतच आवळा, आणि रात्रभर राहू द्या. हे द्रव काही प्लास्टिकना तडे पाडतात, म्हणून काचेला आणि प्लास्टिकच्या फ्रेमला लागू देऊ नका. नेलपॉलिश वापरलंत तर ते काढायला ॲसिटोन घेऊ नका, ॲसिटेटची फ्रेम त्यात विरघळते. झटपट चिकटणारा गोंद तर नकोच. त्याच्या वाफेनं काचेवर पांढरी झाक येते आणि बिजागरी कायमची बंद होते. आणि सर्वांत सोपं म्हणजे चष्मा दोन्ही हातांनी काढा. एका हातानं ओढला की फ्रेम पिरगळते आणि युंकरनं दाखवलेली ती आडवी घसरण आपणच रोज घडवत राहतो.

आता जे बोलायचं होतं ते. अलीकडे स्क्रू नसलेल्या फ्रेम निघाल्या आहेत. टायटॅनियमची तार वळवून केलेली बिजागरी सैल होत नाही, हे खरं कौशल्य आहे आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. पण तिच्याबरोबर स्वस्त, सीलबंद, बिजागरीसकट ओतलेल्या प्लास्टिकच्या फ्रेमही बाजार भरून आल्या आहेत. त्या सैल होत नाहीत, सरळ तुटतात. तुटल्या की गल्लीतल्या चष्मेवाल्याला करण्यासारखं काही उरत नाही. फेकायच्या आणि नवीन घ्यायच्या. ज्याला नवीन घेणं परवडतं त्याला फरक पडत नाही. ज्याच्याकडे एकच चष्मा आहे त्याला पडतो.

तो फरक किती मोठा आहे याचा एक पुरावा देतो. आसामच्या चहामळ्यांत ४० वर्षांवरच्या ७५१ मजुरांवर एक पाहणी झाली, ती २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांना जवळचं पाहण्याचा साधा चष्मा लगेच दिला, निम्म्यांना पाहणी संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची पानं खुडण्याची क्षमता दुसऱ्या गटाच्या तुलनेत २१.७ टक्क्यांनी अधिक वाढली. चहाची पानं खुडायला! शिंपी, सोनार, सुईत दोरा ओवणारी आजी, तांदूळ निवडणारी बाई, यांचं काय होत असेल ते आपण समजू शकतो. आता उलट बाजूनं बघा. त्या चष्म्यातला दीड मिलिमीटरचा स्क्रू पडला, की ही सगळी कमाई त्याच दिवशी थांबते. काडीच्या जागी दोरा किंवा सेफ्टी पिन लावून वर्षानुवर्षं काम करणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांचा चष्मा निदान दोऱ्यानं जोडता येत होता, कारण तिथं एक भोक होतं.

म्हणून आम्हाला वाटतं, सैल होणाऱ्या स्क्रूकडे थोड्या वेगळ्या नजरेनं पाहावं. तो अधूनमधून आपल्याकडे थोडं लक्ष मागतो. त्या बदल्यात तो एक हक्क शाबूत ठेवतो, की ही वस्तू उघडता येईल, तिचा एक भाग बदलता येईल, आणि ते काम जिनिव्हातल्या किंवा हार्टफर्डमधल्या कारखान्याला न विचारता कोपऱ्यावरचा माणूस करू शकेल. हा हक्क टिकवून जेवढी घट्ट करता येईल तेवढी जोडणी घट्ट करावी, त्यापुढं नाही. थ्यूरींचं समान माप आणि क्रीबल यांचा जांभळा थेंब हे दोन्ही उपाय याच बाजूचे आहेत. संयोगाला संयोगच राहू देऊन त्यांनी त्याला टिकाऊ केलं.

घरी गेल्यावर चष्मा उलटा करून दोन्ही बिजागऱ्या एकदा बघा. स्क्रूचं डोकं नळीच्या वर आलेलं दिसलं तर आजच पाव वळसा द्या. ज्यांना तो दिसणार नाही त्यांनी घरातल्या तरुण डोळ्यांना सांगावं.

आता प्रश्न असतील तर घेऊ.